सरत्या वर्षाचा आढावा कसा घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत आम्ही आठ-दहा जण दर डिसेंबरात एका दुपारी एकत्र बसतो आणि आपापल्या सरलेल्या वर्षाबद्दल लिहितो. कुणी कुणाला वाचून दाखवायची सक्ती नसते. प्रत्येकाची वही, मध्ये एकदा चहा, बाकी सगळी शांतता. हे कानावर गेल्यापासून ओळखीचे आणि ओळखीच्यांच्या ओळखीचे लोक प्रश्न पाठवत असतात. तेच ते प्रश्न परत येऊ लागले म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली आहेत. मी सहकारी बँकेच्या हिशेब खात्यात २७ वर्षं काढली, त्यामुळे तिथले शब्द अधूनमधून येतील.

१. आढावा म्हणजे नेमकं करायचं काय?

आधी बारा महिन्यांत काय घडलं ते जसंच्या तसं मांडायचं. मग त्यातलं काय आपल्याला मानवलं आणि काय मानवलं नाही ते बघायचं. सगळ्यात शेवटी पुढच्या वर्षासाठी एक बदल ठरवायचा. हा क्रम मोडू नका. बहुतेक जण पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट संकल्पावर येतात, आणि मग तो संकल्प स्वतःच्या आयुष्यातून न निघता शेजाऱ्याच्या आयुष्यातून निघतो. बँकेत रोजकीर्दीवरून (रोजच्या व्यवहारांच्या वहीवरून) खतावणी (खातेवार नोंद) होते, खतावणीवरून तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची जुळणी) आणि तेरजेवरून ताळेबंद. रोजकीर्दच लिहिली नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

२. ३१ डिसेंबरलाच करायचा का? आपलं नवं वर्ष तर पाडव्याला सुरू होतं.

तारीख तुम्ही निवडा. आपल्याकडे वर्षाची सुरुवात कधीच एका दिवसाला बांधलेली नव्हती. चैत्र शुद्ध प्रतिपदेला शके बदलतो. व्यापारी दिवाळीत लक्ष्मीपूजनाला चोपड्या पूजतात आणि पाडव्याला नव्या वहीत पहिली नोंद करतात. सरकार आणि बँका १ एप्रिलपासून मोजतात, शाळा जूनपासून. खानदेशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरत आलं आहे. ज्याचं काम जिथे संपतं तिथे त्याचं वर्ष संपतं. शिक्षिकेने मे महिन्यात आढावा घेतला तर तो जास्त खरा उतरेल. मला स्वतःला मार्चअखेर कधीच जमली नाही, कारण तेव्हा बँकेत रात्रीचे अकरा वाजायचे. म्हणून आमचं डिसेंबरात ठरलं.

मात्र एखादी 'पहिली' तारीख जवळ असलेली बरी. हेंगचेन दाय, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की आठवड्याच्या, महिन्याच्या आणि वर्षाच्या सुरुवातीला लोक व्यायामशाळेत जास्त जातात आणि डाएटची माहिती जास्त शोधतात. अशा दिवशी मागचं मागे टाकल्यासारखं वाटतं, आणि पाडवा तसा दिवस आहेच.

३. वेळ किती लागतो? घरात दोन लहान मुलं आहेत.

तीन तास. एका बैठकीत नाही मिळाले तर चार दिवस पाऊण-पाऊण तास, मुलं झोपल्यावर. तेही शक्य नसेल तर फक्त प्रश्न ४ मधलं काम करा आणि बाकीचं पुढच्या वर्षी.

४. गेल्या वर्षातलं मला काही आठवतच नाही. सुरुवात कुठून करू?

आठवायला बसूच नका, नोंदी बघा. माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिते.

आठवण पूर्ण वर्ष साठवत नाही. १९९३ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. लोकांना एकदा १४ अंशांच्या गार पाण्यात ६० सेकंद हात धरायला लावला. दुसऱ्यांदा तसंच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू अंशभर गरम केलं. मग विचारलं, पुन्हा करायचं झालं तर कोणतं कराल? बहुतेकांनी लांबलेला, म्हणजे एकूण जास्त त्रासाचा प्रकार निवडला, कारण त्याचा शेवट बरा होता. वर्षाचंही असंच होतं. एखादा ठसठशीत प्रसंग आणि शेवटचे काही आठवडे उरतात, मधले महिने पुसले जातात.

हे मला कळलं ते आईच्या कॅलेंडरवरून. २०१९ सालच्या डिसेंबरात मी तिला विचारलं, वर्ष कसं गेलं? ती म्हणाली, "पुरात गेलं बाई, दुसरं काय." खरंच होतं. ऑगस्टात कृष्णेचं पाणी शहरात शिरलं आणि आम्ही मिरजेला मावशीकडे होतो. मग खिळ्यावरचं कालनिर्णय उतरवलं आणि आम्ही दोघी पान पान उलटत बसलो. ऑगस्टच्या पानावर दुधाचे सलग अकरा खाडे, बाकी पान कोरं. पण फेब्रुवारीत 'डोळा ऑ.' असं लिहिलेलं. मोतीबिंदू निघाल्यावर ती सुईत स्वतः दोरा ओवायला लागली होती, हे ती साफ विसरली होती. मे महिन्यात नातीचं बारसं. नोव्हेंबरात 'ताई ४ दिवस', म्हणजे सहा वर्षांनी आलेली तिची बहीण. पान खाली ठेवून आई म्हणाली, "एवढं सगळं झालं होतं की."

तेव्हा जवळ घ्या: घरातलं कॅलेंडर, ज्यावर दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या लिहिलेल्या असतात. बँकेचं पासबुक किंवा युपीआयची यादी. मोबाइलमधले फोटो, महिन्यावार. दवाखान्याची फाइल. रेल्वेची किंवा एसटीची तिकिटं. मग एका कागदावर बारा महिने लिहून प्रत्येकापुढे तीन-चार गोष्टी मांडा. या टप्प्यावर चांगलं-वाईट काही म्हणू नका, फक्त उतरवून काढा.

युपीआयच्या यादीकडे विशेष लक्ष द्या. आमच्यातल्या एकाला वाटायचं की आपण घरच्यांना वेळ देतो. यादीत वर्षभरात रात्री दहानंतरच्या ऐंशीच्या वर चहा-नाश्त्याच्या नोंदी निघाल्या, सगळ्या ऑफिसखालच्या टपरीच्या. त्याला कुणी काही समजावायची गरज पडली नाही.

५. लिहायलाच हवं का? फिरताना मनात विचार केला तर?

लिहा. मनातला विचार गोल गोल फिरतो. कागदावर वाक्य एकदा पूर्ण झालं की पुढचं लिहावं लागतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशदायक अनुभवाबद्दल लिहायला सांगितलं. ज्यांनी काय घडलं आणि त्याचं काय वाटलं हे दोन्ही लिहिलं, त्यांच्या पुढच्या काही महिन्यांत आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या कमी झाल्या. लिहिल्या लिहिल्या मात्र त्यांना आधीपेक्षा वाईट वाटलं होतं. हे आधीच माहीत असलेलं बरं, म्हणजे पहिल्या दिवशी घाबरून वही बंद होणार नाही.

शुद्धलेखन, अक्षर, भाषा यांची काळजी करू नका. लिहिता येत नसेल किंवा दृष्टी साथ देत नसेल तर मोबाइलवर बोलून ठेवा. आमच्यातल्या एक आजी तसंच करतात.

६. स्वतःला कोणते प्रश्न विचारायचे?

महिन्यांचा कागद समोर आला की मी पाच विचारते. माझा वेळ खरोखर कुठे गेला? काय करून अंगात बळ आल्यासारखं वाटलं? काय केल्यावर गळून गेले? कोणाला भेटायचं राहिलं? आणि 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणत मी वर्षभर काय ढकललं?

वेळ एकाच प्रश्नापुरता असेल तर शेवटचा घ्या. ढकललेल्या गोष्टींची यादी काढली की बदलाची जागा आपोआप दिसते. माझ्या यादीत सलग तीन वर्षं 'दातांचा डॉक्टर' होता. चौथ्या वर्षी मी बाकीचं सगळं सोडून एवढंच ठरवलं, आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जाऊन आले.

७. बसलं की फक्त चुकाच आठवतात आणि रात्रीची झोप जाते. तरी करायचा का?

चूक शोधणं आणि चूक चघळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुझन नोलन-होक्सिमा या संशोधक बाईंनी आयुष्यभर या चघळण्याचा अभ्यास केला. "माझ्याच बाबतीत असं का" हे पुन्हा पुन्हा घोळवल्याने उदासी लांबते, हे त्यांनी दाखवून दिलं.

बँकेत तेरीज जुळली नाही की आमचे जुने साहेब म्हणायचे, आधी फरक किती तो सांगा. फरकाला नऊने भाग गेला तर कुठेतरी आकडे उलटे पडले असण्याची शक्यता मोठी, ५४ च्या जागी ४५. मग ती नोंद शोधायची, लाल शाईने दुरुस्त करायची, सही करायची आणि घरी जायचं. कोणी चुकवली यावर रात्र काढायची नाही. घरच्या आढाव्यातही 'मी अशीच आहे' हे वाक्य आलं की ते खोडा आणि त्या जागी महिना आणि प्रसंग लिहा. 'मी चिडकी आहे' याऐवजी 'जून-जुलैत शाळेच्या गडबडीत मुलावर रोज ओरडले.' दुसऱ्या वाक्यावर काहीतरी उपाय करता येतो.

आणखी एक गोष्ट उपयोगी पडते: स्वतःबद्दल 'मी' न म्हणता स्वतःचं नाव घेऊन लिहा, जणू मैत्रिणीची हकीकत सांगताय. मानसशास्त्रज्ञ इथन क्रॉस यांच्या २०१४ सालच्या प्रयोगांत असं स्वतःला नावाने संबोधल्याने ताण कमी झाल्याचं आढळलं.

पण झोप आठवडाभर जात असेल, जेवण जात नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आजच फोन करा.

८. यंदा घरातलं माणूस गेलं. अशा वर्षाचा आढावा कसा घ्यायचा?

या वर्षी घेऊ नका. आपल्याकडे वर्षश्राद्ध होईपर्यंत सण करत नाहीत, त्या रिवाजात मोठं शहाणपण आहे असं मला वाटतं: घराला एक पूर्ण वर्ष दिलेलं असतं, ज्यात नवं काही सुरू करायची अपेक्षा कुणी करत नाही. वाटलंच तर गेलेल्या माणसाबद्दल दोन पानं लिहा, तेवढं पुरे. वडील गेले त्या वर्षीच्या माझ्या वहीत फक्त त्यांच्या सायकलबद्दल लिहिलेलं आहे.

९. वाईट झालं ते माझ्या हातात नव्हतं. नोकरी गेली, सासूबाईंचं आजारपण निघालं. मग मी काय बदलणार?

कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे 'आलं', उजवीकडे 'मी केलं'. नोकरी जाणं डावीकडे. त्यानंतर तीन महिने कुणालाच सांगितलं नाही, हे उजवीकडे. आजारपण डावीकडे, नणंदेला 'तुम्ही आठवड्यातून दोन दिवस याल का' असं विचारलंच नाही, हे उजवीकडे. डाव्या बाजूबद्दल स्वतःला दोष लावू नका. उजवी बाजू कोरी राहणं फार क्वचित होतं. अवकाळीने द्राक्षबाग झोपलेल्या आमच्या एका शेतकरी मित्राच्या डाव्या बाजूला पाऊस होता आणि उजव्या बाजूला 'विमा भरायचा राहिला'. त्याने पुढच्या हंगामासाठी तेवढी एकच गोष्ट घेतली.

१०. यादीत बारा बदल निघाले. सगळे करायचे?

एक. फार तर एक मोठा आणि एक अगदी छोटा. बाकीचे दहा वहीत राहतील, ते कुठे जात नाहीत.

निवडताना मी असं बघते: कोणता एक बदल झाला तर आणखी दोन-तीन गोष्टी आपसूक सैल होतील? रात्री साडेदहाला झोपणं हे कित्येकांच्या बाबतीत असं निघतं. सकाळचं फिरणं, डबा, चिडचिड, सगळं त्याच्या मागे असतं.

११. दर वर्षी संकल्प करते आणि संक्रांतीच्या आत मोडतो. काय चुकतं?

बहुधा दोन गोष्टी: मुदत नसते आणि वेळ-जागा नसते.

मुदतीचं आपल्या घरात जुनं उत्तर आहे, चातुर्मासाचा नेम. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत, चार महिने. कांदा-लसूण नाही, किंवा रोज एक अध्याय, किंवा एक वेळ जेवण. आजी कधी 'आयुष्यभर वांगं खाणार नाही' म्हणाली नाही. तिने चार महिने धरले, शेवटी उद्यापन केलं, नेम सोडला. आणि पुढच्या आषाढीला पुन्हा धरायचा की नाही हे तेव्हा ठरवलं. 'यापुढे रोज व्यायाम' याऐवजी 'मकर संक्रांतीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत रोज वीस मिनिटं चालणं' असं धरून बघा. उद्यापनही करा, आवडीचं माणूस जेवायला बोलवा.

वेळ-जागेचं असं: जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ साली मांडलं की 'अमुक झालं की मी तमुक करीन' अशा वाक्यात बेत बांधला तर तो तडीस जाण्याची शक्यता वाढते. 'वाचन वाढवीन' हा बेत नाही. 'रात्री ओटा पुसून झाला की स्वयंपाकघरातला दिवा मालवायच्या आधी तिथेच खुर्चीवर चार पानं वाचीन' हा बेत आहे. ओटा रोज पुसला जातोच, त्यामुळे आठवण वेगळी ठेवावी लागत नाही.

१२. एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात. खरं का?

नाही. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लिखाणातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची रुग्णाला सवय व्हायला निदान एकवीसेक दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे 'निदान' गळलं आणि आकडा उरला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या, २०१० साली छापून आलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक ६६ निघाला, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला अंदाजे २५४. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. नेमाला खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी पुढे चालू करा, दुधाचं करतो तसं.

१३. नवरा-बायकोने एकत्र बसून करावा का?

महिन्यांचा कागद (प्रश्न ४) एकत्र भरा, त्यात मजा येते आणि एकाला विसरलेलं दुसऱ्याला आठवतं. पुढचं लिखाण मात्र वेगवेगळ्या खोल्यांत. एकमेकांच्या चुकांची यादी काढायची नाही, ही अट आधी बोलून घ्या. शेवटी दोघांनी आपापला ठरवलेला एक बदल सांगावा आणि 'यात माझी काय मदत हवी' एवढंच विचारावं.

१४. आढाव्यात कळलं की माझ्या वागण्याने कुणीतरी दुखावलं आहे. आता एवढ्या उशिरा माफी मागू का?

मागा. तिळगूळ द्यायला जाल तेव्हा मागितली तर उत्तम, तो दिवस त्यासाठी सोयीचा आहे. कारणं सांगू नका. 'गणपतीत मी सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं' एवढं वाक्य पुरतं. समोरचा गप्प राहिला तर तिळगूळ हातावर ठेवून घरी या. एकच अपवाद: त्या माणसाने संबंध ठेवू नका असं स्पष्ट सांगितलं असेल तर जाऊ नका.

१५. पैशांचा हिशेब यात धरायचा का?

वेगळा दिवस ठेवा, मार्चअखेर बरी. पैशांचा विषय निघाला की बाकी सगळं बाजूला पडतं. इथे पासबुक बघायचं ते फक्त आपण कुठे होतो हे कळायला.

१६. वही कुणी वाचली तर? लिहून फाडून टाकू का?

पेनेबेकर यांच्यासारख्या लिखाणासाठी (प्रश्न ५) फाडलं तरी चालतं. मोकळं होणं हाच तिथे हेतू असतो. महिन्यांचा कागद आणि ठरवलेला बदल मात्र ठेवा. एकत्र कुटुंबात वही लपवायला जागा नसेल तर खासगी पानं सुटी लिहा आणि वहीत फक्त एवढी दोनच पानं जोडा.

१७. ठरवलेलं मध्येच कधी तपासायचं?

सहा महिन्यांनी एकदा, अर्धा तास. बदल चुकीचा निवडला असं वाटलं तर तो सोडून द्यायची हीच वेळ, आणि सोडला तर का सोडला ते एका ओळीत लिहून ठेवा. मोबाइलची आठवण आपण वाजताच बंद करतो, म्हणून आम्ही एक करतो: नवं कॅलेंडर खिळ्यावर अडकवायच्या आधी जूनच्या पानावर ३० तारखेच्या चौकोनात, गॅसच्या आणि दुधाच्या नोंदी जिथे पडणार तिथेच, 'वही' असं लिहून टाकतो.